साडूचं तोंड

लोक विचारतात, "खर्रा सोडला कसा हो तुमी?" कोणाला वाटतं बायकोनं शपथ घातली, कोणाला वाटतं मी गळ्यात माळ घातली. मी खरं तेच सांगतो. जळून सोडला. साडूवर जळून. माणसं हसतात आणि विषय बदलतात. पण माझ्या आयुष्यात जे दोन-चार शहाणपणाचे निर्णय झाले, त्यातला सगळ्यात मोठा हा जळकेपणातून झाला. तो मी पुण्याईच्या नावानं कशाला खपवू?

माझी बायको थोरली, त्याची धाकटी, म्हणून आम्ही साडू. मी अकोल्याचा. जुन्या शहरात माझं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मोटार जळली की शेतकरी ती उचलून माझ्याकडे आणतात, मी जुनी तार काढून नवी भरून देतो. तो अमरावतीचा, राजापेठेत गणिताची शिकवणी घेतो. मी दहावीत गणितातच लटकलो होतो, त्यामुळे सुरुवातीपासूनच हा माणूस मला थोडा जड जायचा. पण आमच्यात एक गोष्ट सारखी होती. दोघंही पक्के खर्रावाले.

आमच्याकडे खर्रा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालायचा आणि तळहातानं घोट घोट घोटायचा. तो घोटण्यात माझा हात कोणी धरावा! सासुरवाडीला दोघांची गाठ पडली की सासूबाईंसमोर दहा मिनिटं गुमान बसायचं, चहा प्यायचा, आणि मग गोठ्यामागं सटकायचं. मी घोटायचो. घोटणाऱ्यानं पहिली चिमूट समोरच्याला द्यायची, मग आपण घ्यायची, ही रीत. आणि मोठ्याच्या हातची चिमूट लहान्यानं नाकारायची नाही, हा आम्हा दोघांचा कायदा. वीस वर्षं त्यानं एकदाही नाकारली नाही. चिमूट गालात गेली की तो डोळे मिटून म्हणायचा, "साडूभाऊ, तुमच्या हाताले चव हाय." त्या वाक्यासाठी मी सासुरवाडीला जायचो म्हटलं तरी चालेल.

माझ्या मुलीचं लग्न झालं, त्यानंतर दीडेक महिन्यानं सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून आम्ही सगळे जमलो. मी नेहमीसारखा घोटला आणि चिमूट पुढे केली. त्यानं हात जोडले.

"साडूभाऊ, मी सोडला."

"काय सोडला?"

"खर्रा."

"कधीपासून?"

"तुमच्या पोरीच्या लग्नानंतर. झाला दीड महिना."

"कावून बे?" माझ्या तोंडून 'बे' निघून गेलं. जावयाला कोणी 'बे' म्हणत नाही.

"असंच," तो म्हणाला, आणि खिशातून डबी काढून भाजलेला जवस तोंडात टाकला.

मी हसलो. म्हटलं, पाहू किती दिवस चालतं हे. मी स्वतः चार वेळा सोडला होता. एकदा तर सकाळी सोडून दुपारी धरला होता. पण हा पठ्ठ्या सोडून बसला तो बसलाच. चार महिने, सहा महिने, आठ महिने. दात डॉक्टरकडून साफ करून आणले, गालफडं भरली, रंग उजळला. पूर्वी तो फळ्याकडे तोंड करून शिकवायचा, कारण गालात माल असायचा आणि पोरांकडे वळलं की शब्द फुटायचे नाहीत. आता म्हणे पोरांकडे पाहून खणखणीत शिकवतो, आणि सकाळची एक तुकडी वाढवावी लागली.

ही सगळी माहिती मला कोण द्यायचं? माझी बायको. रोज बहिणीचा फोन, आणि फोन ठेवला की मला बातमीपत्र. "आज ते पाच किलोमीटर चालले." "आज त्यांनी पोराले पोहायले नेलं." आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "माणसानं मनावर घेतलं तर काय होत नाही!" सासूबाई तर माझ्यासमोरच म्हणाल्या, "लहाने जवाई कसे दिसून राहिले पाहा, लग्नात होते तसे." मी तिथंच पाटावर बसलो होतो. मोठा जावई. मला कोणी काही म्हटलं नाही, फक्त ताटात पातोडीचा रस्सा कमी वाढला. "मोठ्या जवायाले तिखट सोसत नाही न आता," असं सासूबाई सुनेला सांगत होत्या.

ह्या तिखटाचंही सांगितलं पाहिजे, कारण माझ्या मूर्खपणाचा कळस तोच. लग्नाच्या आधी वर्षभरापासून मला जेवताना तोंडात आग व्हायची. साधं वरण खाल्लं तरी गालाच्या आतून चटका बसायचा. आता वऱ्हाडातल्या माणसानं काय समजावं? मी समजलो मिरचीत भेसळ आहे. मिरचीवाल्याशी भांडलो, त्याला म्हटलं, "रंग घालून विकतं तू!" दुसरी आणली, तिसरी आणली. बायकोनं देठ काढून, उन्हात वाळवून, घरी कुटली, तरी आग. मग ठेचा बंद झाला, रस्सा बंद झाला, भाजीत साखर पडू लागली. आमच्या घरात भाजीत साखर! पोरगा म्हणाला, "बाबा, आपण पुण्याले राहाले गेलो काय?" सगळं घर माझ्यापायी फिकं खाऊ लागलं, पण मी खर्रा घोटतच होतो. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की आग ताटातून येत नसून खिशातून येते आहे. किंवा आलं असेल, आणि मी त्याला बसायला जागा दिली नसेल.

तर असा मी, फिकं खाणारा आणि आतून पेटलेला. मला एकच आस लागली, की हा साडू चोरून खात असला पाहिजे. कसा नाही खाणार? वीस वर्षांची सवय! बायकोसमोर साळसूद आणि राजापेठेच्या पानठेल्यावर मोकळा, असंच असणार. एकदा हे रंगेहाथ पकडलं की बातमीपत्र कायमचं बंद. मी घरी सांगितलं की तांब्याची तार पाहायला अमरावतीला जातो, आणि सकाळच्या एसटीत बसलो. माझ्या वयाचा माणूस शंभर किलोमीटर जातो, कशासाठी? दुसऱ्याच्या गालात काय आहे ते पाहण्यासाठी.

राजापेठेत त्याच्या शिकवणीसमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं गाड्यांच्या गर्दीआड मी उभा राहिलो. शिकवणी सुटली, पोरापोरींचा लोंढा बाहेर पडला, मागून हा आला. आणि सरळ पानठेल्याकडे वळला! काय सांगू, मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. मी दोन पावलं पुढं सरकलो. ठेल्यावर चौघं उभे होते, चौघांच्या हातात पन्न्या. हा त्यांच्यात जाऊन उभा राहिला, हात मागे बांधून. गप्पा मारल्या, हसला, कोणाच्या तरी पाठीवर थाप दिली. ठेलेवाल्यानं सवयीनं पुडी पुढं केली असावी, कारण ह्यानं मान हलवली. दहा मिनिटं तो त्या वासात उभा होता. मग जवसाची डबी काढली आणि चालू पडला.

मी ठेल्यापासून वीस पावलांवर होतो, आणि तेवढ्या दहा मिनिटांत माझ्या स्वतःच्या गालात दोन चिमटी गेल्या होत्या. त्याच्याजवळ काय होतं जे माझ्याजवळ नव्हतं? दोन पोरं मलाही आहेत. बायको त्याच घरची आहे. मग त्याला कुठून आलं हे बळ? असा राग आला मला त्याचा, की त्यानं माझं काही चोरलं असतं तरी एवढा आला नसता.

तेवढ्यात त्यानं मला पाहिलं. "अरे साडूभाऊ! तुमी? अन् फोन नाही केला?" गर्दीतून धावत आला, माझा हात धरला, आणि काही ऐकून न घेता गुपचुपच्या गाडीवर घेऊन गेला. पुण्यामुंबईकडे जिला पाणीपुरी म्हणतात, तिला आमच्याकडे गुपचुप म्हणतात. त्यानं दोन द्रोण घेतले. पहिली पुरी त्यानं उचलली, आ केला आणि अख्खी आत टाकली. एवढं साधं काम. दुसरी, तिसरी. मी पाहत राहिलो.

माझी पुरी माझ्या हातात. मी आ केला. पुरी दातांवर आपटली. तिरपी केली, पुन्हा आपटली. मग फुटली, आणि पाणी हनुवटीवरून शर्टात. बाजूला कॉलेजच्या दोन पोरी उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. मी म्हटलं, "मोठ्या केल्या हो पुऱ्या." साडूनं माझ्याकडे पाहिलं, पटकन नजर काढून घेतली, आणि गाडीवाल्याला हळूच म्हणाला, "यांच्यासाठी लहान लहान पाहून दे भाऊ."

लहान पाहून दे! लेकराला देतात तशा! त्याच्या जागी मी असतो तर मी हसलो असतो, टोमणा मारला असता. त्यानं तेही केलं नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीच्या काचेत तोंड उघडून उघडून पाहत होतो. दोन बोटं एकावर एक ठेवून आत जात नव्हती. खर्र्यानं आखडत चाललेल्या माझ्या तोंडाची मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, मला त्याच्या तोंडाचा हेवा वाटत होता. एवढा मोठा आ! आणि मी ठरवलं की हा माणूस खर्रा खाईल, आणि माझ्याच हातचा खाईल.

संधी हिवाळ्यात आली. दोन्ही कुटुंबं मिळून सेमाडोहला गेलो, मेळघाटात, दोन दिवसांसाठी. बायका-पोरांना वाघ पाहायचा होता. मी मात्र अकोल्याहून ताजा माल घेऊन निघालो होतो, उत्तम सुपारी, मोजका चुना. पहिल्या दिवशी दुपारी बाकीचे नदीकडे गेले आणि आम्ही दोघं विश्रामगृहाच्या पडवीत खुर्च्या टाकून बसलो. मी पन्नी काढली आणि घोटायला सुरुवात केली. हळूहळू. वास सुटू दिला. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर हलू लागली. मग मी चिमूट घेतली, उठलो, आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"घ्या," म्हटलं. "मोठ्याच्या हातची हाय. जंगलात कोण पाहून राहिलं?"

तो चिमटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुमी घ्याच म्हणाल तर घेतो. वीस वर्षं नाही म्हटलं नाही. पण आधी एक ऐकून घ्या."

"बोला."

"तुमी मले ईचारलं होतं, कावून सोडला. मी 'असंच' म्हटलं. ते खोटं होतं. साडूभाऊ, मी तुमाले पाहून सोडला."

मला वाटलं थट्टा करतो आहे. तो खाली फरशीकडे पाहून बोलत होता.

"पोरीच्या लग्नात व्याह्यांनी तुमच्या तोंडात लाडू भरवला न, तवा मी बाजूलेच होतो. तो लाडू आत गेलाच नाही. तुमी हासून अर्धा तोडला, अर्धा खाली पडला. सगळे हासले. मी घरी गेलो अन् आरशासमोर तोंडात बोटं घालून पाहिली. माझी तीन जात होती, पण अवघड जात होती. मी भेलो, साडूभाऊ. म्हटलं, अजून दोन वर्षांनी मी ह्यायच्या जागी राहीन. त्याच दिवशी पुड्या फेकल्या. डॉक्टरकडे गेलो. अन् तुमाले मात्र सांगायची हिंमत झाली नाही. आपलं तोंड वाचवलं, अन् तुमचं बंद होताना पाहत राहिलो."

पडवीत आम्ही दोघंच. माझा हात अजून त्याच्या नाकासमोर होता. काय वाटलं ते जसंच्या तसं सांगतो. आधी कृतज्ञता नाही, भीतीही नाही. आधी वाटलं, म्हणजे ज्याच्यावर मी वर्षभर जळतोय, ते सगळं माझ्याच जिवावर उभं आहे! त्याचं चालणं, त्याचे दात, सकाळची तुकडी, सासूबाईंची वाहवा. ह्याच्या घरी माझं नाव कसं निघत असेल? 'पाहा, असं होतं' म्हणून? आणि त्या क्षणी मला मनापासून वाटलं की खावा ह्यानं. खावा आणि माझ्यासारखा व्हावा. मी हात मागे घेतला नाही. त्यानं आ केला. खरोखर केला, देवाशपथ, तो मान राखायला निघाला होता.

त्याच्या त्या उघड्या तोंडात मला स्वच्छ गुलाबी गाल दिसले. मी हात फिरवला आणि ती चिमूट माझ्या तोंडात टाकली. अशी आग झाली की डोळ्यांतून पाणी आलं. तो उठून आत गेला, आणि मी एकटा तिथं थुंकत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी. पाणी तापवायच्या चुलीपाशी साडू शाल गुंडाळून उभा होता आणि त्यानं जांभई दिली. मोठी, ऐसपैस, आवाजासकट. मी पाहत होतो. माझी अशी जांभई कधी झाली होती शेवटची? आठवेना. ह्याला जमतं आणि मला जमत नाही? माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान! मी खिशातल्या होत्या तेवढ्या पुड्या काढल्या आणि चुलीत घातल्या. असा उग्र धूर निघाला की तिथला चौकीदार ओरडला, "काय जाळून राहिले जी?" साडू शहाणा माणूस, नुसतं लाकूड आत सारलं. कोणाच्या घरचा 'पाहा, असं होतं' मला राहायचं नव्हतं, एवढाच माझा संकल्प होता. पुढचे पंधरा दिवस मी बायकोवर, गिऱ्हाइकांवर, मोटारींवर, सगळ्यांवर खेकसलो. पण धरला नाही. रोज सकाळी म्हणायचो, तो सोडून बसलाय न, मग मी काय त्याच्याहून कमी?

मग साडूच मला अमरावतीच्या त्याच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर बाई, तरुण, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आरसा घालायचा प्रयत्न केला, मोजपट्टी लावली. गालात आत एक पांढरा चट्टा होता. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल म्हणाल्या. तोंड किती उघडेल ते व्यायाम केल्यावर कळेल, पण चट्ट्याचं तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही. मग थोड्या रागानं त्यांनी विचारलं, "काका, इतके दिवस काय करत होता? घरातल्या कोणीच सांगितलं नाही का तुम्हाला?"

साडू माझ्या बाजूच्या स्टुलावर होता. त्याची मान एकदम खाली गेली. शिकवणीत गणित न आलेल्या पोराची जाते तशी.

"सांगितलं न," मी म्हटलं. "यांनी तर कितीकदा सांगितलं. मीच ऐकलं नाही."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. झालं, आणखी एक वाहवा त्याच्या खात्यात, आणि ही तर मी माझ्या हातानं दिलेली. जिन्यावर त्यानं विचारलं, "खोटं कावून बोलले तुमी?" मी म्हटलं, "बोलू द्या न. तोंड हाय तोवर बोलून घेतो." तो हसला नाही, आणि मीही हसलो नाही.

तपासणीला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस कसे गेले ते मला लिहिता येत नाही. जेवण जात नव्हतं, आणि आता मिरचीला दोष देता येत नव्हता. बायको बातमीपत्र विसरली. बहिणीचा फोन आला की दोघी नुसत्या धरून बसायच्या. साडू म्हणाला होता, रिपोर्ट मी आणतो, तुमी येऊ नोका.

आठव्या दिवशी मी दुकानात मोटार उघडून बसलो होतो. सकाळपासून तीच तार भरत होतो आणि काढत होतो. दुपारी मान वर केली तर गल्लीच्या तोंडाशी साडू. अमरावतीहून फोन न करता एसटीनं स्वतः आलेला. हातात पाकीट. माझ्या हातातून पकड गळून पडली. चांगली बातमी असती तर फोनवर सांगितली असती, एवढंच डोक्यात आलं. भाजीवाल्यांच्या गाड्यांमधून वाट काढत तो येत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येत नव्हतं. दुकानाच्या पायरीवर चढून तो थांबला.

"काही नाही साडूभाऊ," तो म्हणाला. "तसलं काही नाही. पुन्हा धरला नाही तर बरं होईल म्हणाल्या." आणि पन्नाशीला आलेला तो मास्तर भर दुपारी, भर गल्लीत, माझ्या पायरीवर उभा राहून भोकाड पसरून रडू लागला. लोक पाहायला लागले. मला त्याला आत घ्यायचं सुचलं नाही. मी त्याच्या तोंडाकडेच पाहत होतो. बेट्याचं केवढं उघडत होतं! सगळे दात दिसत होते, पार मागच्या दाढेपर्यंत. मी जळलो. तेव्हाही जळलो. आणि मग मीही रडलो, माझं जेवढं उघडलं तेवढ्यानं.